पेटंटचे सोळावे वर्ष

पेटंट म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात. एक म्हणजे परदेशी औषध कंपन्या, आणि दुसरी म्हणजे एखादा शोध लावून रातोरात श्रीमंत झालेला शास्त्रज्ञ. पत्र्याचे काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यातूनही पेटंट निघू शकते, ते दरवर्षी पैसे भरून जिवंत ठेवावे लागते आणि एक दिवस घरच्या माणसांना एकत्र बसून ते पुढे जगवायचे की नाही हे ठरवावे लागते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. मलाही आमच्या कारखान्याचे हिशेब हाती येईपर्यंत ठाऊक नव्हते.

आमचे घराणे शिकलगारांचे. मिरज-सांगलीच्या वाचकांना शिकलगार म्हणजे कोण ते सांगायला नको. तलवारी आणि कट्यारींना धार लावणारे हात राजेरजवाडे संपत आल्यावर विळे, कात्र्या, अडकित्ते यांच्याकडे वळले. मिरजेतले काही सतारीकडे वळले आणि त्यांचे नाव देशभर झाले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्या आजोबांच्या वाट्याला सतार आली नाही. सायकलवर धारेचे चाक बांधून ते गावोगाव फिरत. अब्बा आणि चाचा वेल्डिंग शिकले, लेथवर हात बसवला आणि एमआयडीसीत एक शेड भाड्याने घेऊन दारे, खिडक्यांचे ग्रील करू लागले. पुढे त्यांच्या जोडीला अब्बांचे मामेभाऊ आले. २००८ मध्ये तिघांनी मिळून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. कागदोपत्री तिघे डायरेक्टर झाले, पण दुपारी तिघेही एकाच डब्यातून जेवत.

सांगलीत राहून शेतीची अवजारे करायची म्हटली की माणूस हळदीकडे वळतोच. हळदीचे काम आपल्याला वाटते तितके सोपे नाही. शेतातून काढलेली हळद आधी शिजवावी लागते. मग ती दहा-पंधरा दिवस उन्हात वाळते. वाळलेले हळकुंड वरून खरबरीत, मळकट दिसते. त्यावरची साल आणि मुळ्या निघून ते पिवळेधमक दिसावे म्हणून त्याला पॉलिश करतात. त्यासाठी भोकाभोकांच्या पत्र्याचा ड्रम असतो. त्यात हळकुंडे भरायची आणि ड्रम फिरवायचा. हळकुंडे एकमेकांवर आणि पत्र्यावर घासली जातात, भुसा भोकांतून खाली पडतो. कमी घासली तर रंग उघडत नाही आणि बाजारात भाव मिळत नाही. जास्त घासली तर हळकुंडे मोडतात, वजनही घटते.

चाचा सातवी शिकलेले. पण शेतकऱ्याचे गाऱ्हाणे ते डॉक्टरने रोग्याचे ऐकावे तसे ऐकत. प्रत्येकाची हळद वेगळी. कुणाची जास्त वाळलेली, कुणाची दमट. मग एकाच ड्रमने सगळ्यांची हळद सारखी कशी घासली जाणार? त्यांनी ड्रमच्या आत दातेरी पट्ट्या बसवल्या. पट्ट्या किती तिरक्या ठेवायच्या ते ड्रमच्या बाहेरून फिरवायच्या एका स्क्रूवर ठरे. स्क्रूजवळ त्यांनी छिन्नीने पाच खुणा केल्या. पहिल्या खुणेवर हलके घासायचे, पाचव्यावर जोरात. शेतकरी खूश झाले. आमच्याकडे काही काम घेऊन आलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या एका प्राध्यापकांनी हा स्क्रू पाहिला आणि म्हणाले, "याचे पेटंट घ्या." चाचांना आधी ती थट्टाच वाटली.

अर्ज फेब्रुवारी २०१० मध्ये गेला आणि पेटंट मिळाले २०१७ मध्ये. पेटंटची मालक कंपनी, पण शोधकर्ता म्हणून कागदोपत्री चाचांचे नाव. त्याच वेळी भावाभावांत एक साधा करार झाला होता. शोध चाचांनी कंपनीच्या नावे करून द्यायचा, आणि पेटंट अमलात असेपर्यंत त्याप्रमाणे बनलेल्या प्रत्येक मशीनमागे कंपनीने दोन टक्के रक्कम चाचांना, त्यांच्यानंतर चाचींना द्यायची. स्टँपपेपरवरची ही एक ओळ पुढे किती महत्त्वाची ठरणार आहे, याची त्या दिवशी कुणालाच कल्पना नसणार. चाचा २०२१ मध्ये गेले.

आता थोडे कायद्याविषयी. आपल्या देशात पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे असते. पण ही वीस वर्षे आपोआप मिळत नाहीत. पहिली दोन वर्षे काही भरावे लागत नाही. तिसऱ्या वर्षापासून प्रत्येक वर्षाची फी आधीच भरायची. आमच्यासारख्या लघुउद्योगाला २०२० पासून एकट्या माणसाइतकाच दर लागतो. तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत दरवर्षी ८०० रुपये, सातव्या ते दहाव्यापर्यंत २,४००, अकराव्या ते पंधराव्यापर्यंत ४,८०० आणि सोळाव्या ते विसाव्यापर्यंत ८,००० रुपये. मोठ्या कंपनीला याच्या पाचपट. फी भरली नाही तर सहा महिन्यांपर्यंत दंड भरून सावरता येते. त्यानंतर पेटंट संपते.

फी अशी चढत का जाते, याचा मी बराच विचार केला. घराचा हप्ता फिटत आला की हलका वाटू लागतो, इथे उलटे आहे. इंग्लंडमध्ये १८५२ च्या कायद्याने ही पद्धत आली. पेटंट पुढे चालवायचे तर तिसरे वर्ष संपण्यापूर्वी ५० पौंड आणि सातवे संपण्यापूर्वी १०० पौंड भरावे लागत. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. कायद्याचे म्हणणे असे, की तुम्ही नवे काही काढले म्हणून लोकांना काही काळ ते करण्यापासून अडवण्याचा अधिकार तुम्हाला दिला. पण लोकांना विनाकारण अडवून ठेवू नका. दरवर्षी स्वतःला विचारा, याचा अजून उपयोग आहे का? नसेल तर वाट मोकळी करा. जसजशी वर्षे जातात तसतसा हा प्रश्न कायदा मोठ्या आवाजात विचारतो. फी म्हणजे तो आवाज.

हिंदुस्थानात पेटंटचा पहिला कायदा १८५६ साली आला. त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी'पेनिंग यांनी ३ मार्च १८५६ रोजी केला. तो कशाचा होता? छताचा पंखा ओढण्याच्या यंत्राचा! तेव्हा साहेबाच्या डोक्यावर हलणारा पंखा कुणीतरी व्हरांड्यात बसून दोरीने ओढत असे. आज तो पंखाही नाही, तो ओढणाराही नाही. पण अर्जाची नोंद अजून आहे आणि शोध करणाऱ्याचे नावही आहे. ही गोष्ट मला पुढे फार उपयोगी पडली.

आमच्या पेटंटचे सोळावे वर्ष फेब्रुवारी २०२५ मध्ये लागणार होते. म्हणजे फी ४,८०० वरून ८,००० होणार. उरलेल्या पाच वर्षांचे मिळून चाळीस हजार, शिवाय एजंटची फी वेगळी. डिसेंबरात आमच्या पुण्याच्या एजंटचा नेहमीचा फोन आला. त्या म्हणाल्या, "दरवर्षी तुम्ही न विचारता पैसे पाठवता. या वेळी जरा बसून विचार करा. मला फी मिळते म्हणून मी गप्प बसणे बरोबर नाही." अशी माणसे धंद्यात भेटतात, हे नोंदवून ठेवले पाहिजे. अब्बांनी ते काम माझ्यावर सोपवले. म्हणाले, "तू हिशेब बघतेस, तूच लिहून दे. ठेवायचं की सोडायचं."

मी एजंटबाईंना विचारले, हे ठरवायचे कसे? त्यांनी तीन प्रश्न दिले. आपण आज जे विकतो ते या पेटंटमध्ये बसते का? दुसरा कुणी यात बसणारे काही बनवतो का, आणि बनवत असेल तर आपण त्याला अडवू शकतो का? तिसरा, कुणी पैसे देऊन हे पेटंट वापरायला किंवा विकत घ्यायला तयार आहे का? तिन्हींचे उत्तर "नाही" असेल तर आठ हजार रुपये कशाचे भरता ते स्वतःला सांगा.

पहिल्या प्रश्नालाच मी अडखळले. पेटंटच्या कागदात शेवटी दावे असतात. त्याला क्लेम म्हणतात. चित्रे, वर्णन, मोठमोठी वाक्ये हे सगळे सजावटीसारखे. आपला हक्क कुठून कुठपर्यंत, ते क्लेम ठरवतो. शेतीच्या खरेदीखतात चतुःसीमा असतात ना, तशी. आमच्या पहिल्या क्लेममध्ये पाच गोष्टी होत्या. भोकांचा ड्रम, आतल्या पट्ट्या, पट्ट्यांना दाते, त्यांचा कोन बाहेरून बदलणारा स्क्रू आणि खाली भुशाचा ट्रे. भोकांचे ड्रम आधीपासून होते, ट्रे होते. नवे काय होते? स्क्रू. त्याच स्क्रूमुळे पेटंट मिळाले. आणि या पाचांतली एक जरी गोष्ट मशीनमध्ये नसेल तर ते मशीन सहसा क्लेमच्या बाहेर.

आमची नवी मशीन २०१९ पासून स्क्रूशिवाय निघतात.

याची हकीकत अशी. दहा वर्षे मशीन विकल्यावर चाचा स्वतः गावोगाव जाऊन बघून आले. परत आल्यावर हसत म्हणाले, "पाच खुणा केल्या मी, आणि सगळे तिसऱ्याच खुणेवर ठेवतात. स्क्रू गंजून बसलेत. मग स्क्रू कशाला? पट्ट्या तिसऱ्या खुणेवर वेल्ड करून टाका. मशीन स्वस्त होईल, बिघडायचं कमी होईल." तसे केले आणि मशीन दुप्पट खपू लागले. स्क्रूचे जुने मॉडेल मागणारे मोजकेच राहिले. म्हणजे ज्या भागामुळे पेटंट मिळाले तो भाग शोधकर्त्यानेच काढून टाकला. कारागिराच्या दृष्टीने हा त्याचा दुसरा शोध होता. कायद्याच्या दृष्टीने आमचे स्वतःचे मशीन आमच्याच कुंपणाबाहेर गेले होते. आणि तिसऱ्या खुणेचे वेगळे पेटंट घ्यायची वेळ कधीच टळून गेली होती. बाजारात आलेली गोष्ट नवी राहत नाही.

दुसरा प्रश्न. हळदीचा बाजार आता सांगलीपुरता नाही. वसमत-हिंगोलीकडे, तिकडे तेलंगणात निजामाबादला, तमिळनाडूत इरोडला हळदीची मोठी उलाढाल आहे, आणि भारतीय पेटंट सगळ्या देशाला लागू असते. आमच्यासारखेच ड्रम करणारे दोन-तीन कारखाने मला सापडले. एकाच्या ड्रमचे फोटो पाहून माझा भाऊ चिडलाच, "हे तर आपलंच आहे!" पट्ट्या तशाच, दाते तसेच. पण स्क्रू नाही. त्यांनाही कुठल्या तरी शेतकऱ्याने तिसऱ्या खुणेचे सांगितले असणार. पेटंटच्या भंगाचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही, आणि समोरच्याने उलट "हे पेटंटच रद्द करा" अशी मागणी केली की प्रकरण हायकोर्टात जाते. वकिलाचा खर्च आठ हजारांत मोजायचा नसतो. आणि जिंकणार कशावर? आमच्या क्लेममधली जी गोष्ट त्याच्याकडे नाहीच, तिच्यावर?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळवायला फोन करावे लागले. चार जणांना विचारले. दोघांनी ऐकून घेतले, एकाने चहाला बोलावले, पैसे द्यायला कुणी तयार झाले नाही. एक जण म्हणाला, "ताई, स्क्रूचं मशीन आता कोण घेतंय?"

तिन्ही उत्तरे "नाही." मग मी अब्बांकडे गेले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्या खानदानात सरकारी कागदावर नाव आलं ते रेशनकार्डावर नाहीतर मतदार यादीत. हे एकच कागद आहे, ज्यात सरकार म्हणतं की या माणसाने नवं काही केलं. ते मी माझ्या हाताने मरू देऊ?" त्यांची दुसरी भीती अशी, की आपण सोडले की उद्या दुसरा कुणी तेच पेटंट स्वतःच्या नावावर करून घेईल.

दुसऱ्या भीतीचे उत्तर सोपे होते. पेटंट नव्या गोष्टीला मिळते. चाचांच्या अर्जातले वर्णन छापून प्रसिद्ध झाले, त्याच दिवसापासून ती गोष्ट जगाला माहीत झाली. आता फी भरली काय, न भरली काय, तेच मशीन "मी नवे काढले" म्हणून दुसऱ्या कुणाला स्वतःच्या नावावर करता येणार नाही. तसा कुणी अर्ज केलाच तर चाचांचा कागदच त्याच्या आड येईल. आपण जो सोडतो तो इतरांना अडवण्याचा अधिकार. शोध आपला होता, हे सत्य त्यामुळे सुटत नाही.

पहिल्या भीतीसाठी मी त्यांना पंख्याची गोष्ट सांगितली. १८५६ चा तो हक्क कधीचाच संपला, पण नाव राहिले. पेटंट कार्यालयाच्या नोंदीत चाचांचे नाव, त्यांनी काढलेल्या ड्रमची चित्रे, सगळे कायम राहणार आहे. फी हक्काची असते, नावाची नसते. अब्बा म्हणाले, "मग भिंतीवरचं सर्टिफिकेट?" मी म्हटले, ते उतरवायला कुणी सांगत नाही. मशीनवरच्या पट्टीवर मात्र "पेटंटेड" लिहिता येणार नाही. पेटंट संपल्यावर तसे लिहिणे हा कायद्याने दंडाचा विषय आहे. स्क्रू नसलेल्या मशीनवरून तो शब्द आधीच निघालेला होता. उरलेल्या थोड्या मशीनवरून तो जाणार होता.

इथे आणखी एका कागदाविषयी सांगायला हवे. त्याला फॉर्म २७ म्हणतात. पेटंट घेणाऱ्याने ते देशात वापरात आणले की नाही, हे सरकारला कळवायचे असते. पूर्वी ते दरवर्षी द्यावे लागे, २०२४ च्या नियमांपासून तीन वर्षांतून एकदा. लहान कारखानदार त्याला कटकट समजतात, पण त्यात अर्थ आहे. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून देशातला पहिला सक्तीचा परवाना निघाला, त्यात या माहितीचा मोठा वाटा होता. बायर कंपनीचे नेक्साव्हार हे कर्करोगावरचे औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळत होते आणि फार थोड्या रुग्णांपर्यंत पोचत होते. नॅटको कंपनीला ते ८,८८० रुपयांपेक्षा जास्त किंमत न लावता विकण्याच्या अटीवर बनवायची परवानगी मिळाली. पुढे मुंबई हायकोर्टानेही तो निर्णय कायम ठेवला. कुठे ते औषध आणि कुठे आमचा हळदीचा ड्रम! पण तत्त्व एकच आहे. पेटंट हे कपाटात ठेवायचे दागिने नव्हेत. ते वापरात असेल तरच त्याला बसायला जागा. आमच्या पुढच्या फॉर्ममध्ये "वापरात आहे" असे किती वर्षे लिहिता येईल, याची मला शंका होती.

इतके झाल्यावर टिपण लिहायला हरकत नव्हती. "पेटंट सोडावे" अशी एका ओळीची शिफारस. पण लिहिताना ती स्टँपपेपरवरची ओळ समोर आली. "पेटंट अमलात असेपर्यंत." पेटंट संपले की चाचींचे दोन टक्के संपले.

मी जुनी खाती काढली. ज्या वर्षी स्क्रूची चाळीस मशीन गेली त्या वर्षी चाचांना १ लाख ४४ हजार रुपये मिळाले होते. गेल्या वर्षी तसली नऊच मशीन गेली, चाचींना मिळाले ३२,४००. स्क्रूशिवायच्या साठ मशीनवर एक रुपयाही नाही. कराराप्रमाणे सगळे बरोबर होते. कुणी कुणाला फसवले नव्हते. पण तिसरी खूण शोधली कुणी? पाच वर्षे ज्या मशीनवर कारखाना चालला ते मशीन कुणाच्या चालण्या-फिरण्यातून आले? करार स्क्रूवर लिहिलेला होता, आणि पैसा तिसऱ्या खुणेतून येत होता.

डायरेक्टरांची बैठक म्हणजे आमच्या शेडमधले टेबल. अब्बांचा कल आता असा झाला, की पेटंट ठेवूच, म्हणजे चाचींचे चालू राहील. मामेभाऊ, ज्यांना मी मामूच म्हणते, व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "पेटंट सोडा. भाभींना आपण काय वाऱ्यावर सोडणार आहोत का? दर रमजानला चांगली रक्कम देऊ. घरचीच आहे." दोघांच्या मनात वाईट काही नव्हते. पण मला दोन्ही पटेनात. अब्बांच्या म्हणण्यात एका मेलेल्या पेटंटवर एका विधवेचे पोट टांगून ठेवायचे, आणि तेही दरवर्षी कमी होणाऱ्या रकमेवर. फेब्रुवारी २०३० मध्ये वीस वर्षे पुरी झाली की ते तसेही संपणारच. मामूंच्या म्हणण्यात हक्काची खैरात होत होती.

मी चाचींकडे गेले. सगळा हिशेब कागदावर मांडून नेला होता. त्यांनी कागद बाजूला सारला आणि म्हणाल्या, "हिसाब मेरे कू नको समजा. मेरा हक है क्या नै, वो बोल." मी म्हटले, कागदावर उरेल तो फार थोडा आहे. कागदाबाहेर आहे असे मला वाटते. मग रमजानच्या रकमेविषयी सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, "रमजान में देने का सो मोहल्ले के गरीबां कू देव. मेरा आदमी फकीर नै था, कारागीर था."

यानंतर टिपण लिहायला मला अडचण आली नाही. त्यात दोन वेगवेगळे प्रश्न आहेत असे मी लिहिले. पहिला, पेटंट ठेवायचे का? त्याचे उत्तर मशीन, क्लेम, बाजार आणि खर्च बघून द्यायचे. ते उत्तर "नाही" असे आहे. दुसरा, चाचांच्या कामाचे कंपनी काही देणे लागते का? त्याचे उत्तर "हो" असे आहे, आणि त्याचा पेटंटच्या फीशी संबंध नाही. म्हणून नवा करार करावा. स्क्रू असो वा नसो, दातेरी पट्ट्यांच्या प्रत्येक ड्रमवर एक टक्का, फेब्रुवारी २०३० पर्यंत, म्हणजे पेटंट जगले असते तितके दिवस.

मामूंनी टिपण वाचले, तिथेच कॅल्क्युलेटर काढला. नवे मशीन २ लाख ४० हजारांचे, वर्षाला साठ. "बेटा," ते म्हणाले, "आठ हजार वाचवायला निघालीस आणि वर्षाला दीड लाखाचा खर्च काढलास!" मी म्हटले, मामू, आठ हजार वाचवायचे म्हणून मला कुणी सांगितले नव्हते. ठेवायचे की सोडायचे ते सांगायला सांगितले होते. यावर अब्बा प्रथमच हसले. पण वाद तिथे मिटला नाही. तीन आठवडे चालला. मामूंचे म्हणणेही खोटे नव्हते. पोलादाचे भाव चढलेले, शेतकऱ्यांकडे उधारी अडकलेली, उद्या दुसऱ्या कामगारांनीही "माझ्या सूचनेमुळे मशीन सुधारले" असे म्हटले तर? हा शेवटचा प्रश्न मला अजूनही अवघड वाटतो. शेवटी मामूंनीच तोड सुचवली. वर्षातल्या पहिल्या वीस मशीनवर काही नाही, त्यापुढच्या प्रत्येक मशीनवर दीड टक्का. साठ मशीन गेली तर रक्कम तितकीच होते. धंदा पडला तर कंपनीवर ओझे येत नाही, आणि धंदा चढला तर चाचींचा वाटाही चढतो. चाचींनी ते दोनदा विचारून समजून घेतले आणि होकार दिला.

सोळाव्या वर्षाची फी आम्ही भरली नाही. एजंटबाईंनी एक गोष्ट लेखी कळवली होती, तीही सांगते. चुकून फी राहिली तर पेटंट बंद पडल्यापासून अठरा महिन्यांच्या आत ते पुन्हा जिवंत करण्याचा अर्ज करता येतो. पण फी जाणूनबुजून भरली नाही तर ती वाट नाही. म्हणून "बघू, पुढे लागले तर परत घेऊ" असे मनात ठेवून सोडू नये. सोडायचे तर पुरते सोडायचे. आम्ही तसेच लिहून ठराव केला. दंडासह भरायचे सहा महिने ऑगस्ट २०२५ मध्ये संपले.

आपल्या समाजात कारागीर पुष्कळ आहेत. मालेगाव-भिवंडीच्या मागावर, गॅरेजात, लेथवर, बेकरीत रोज कुणी ना कुणी काहीतरी नवे करतो आणि ते कुणाच्याच नावावर लागत नाही. त्यांनी पेटंटचा विचार जरूर करावा. लघुउद्योगाला आणि एकट्या माणसाला फीमध्ये मोठी सवलत आहे. पण दोन गोष्टी आधी बघाव्यात असे मी अनुभवाने म्हणेन. आपल्या वस्तूतला कुठला भाग क्लेममध्ये जातो आणि कुठला बाहेर राहतो, हे ज्याने ती वस्तू हाताने केली त्याला समजावून घेऊ द्यावे. ते वकिलावर आणि शिकलेल्या पुतण्या-भाच्यांवर सोडू नये. आणि घरातला देण्याघेण्याचा करार पेटंटच्या आयुष्याला बांधू नये. पेटंट मशीनसाठी असते, ते कधी संपवायचे हे मशीनवरून ठरते. माणसांचे देणे मशीनवरून ठरत नाही.

सर्टिफिकेट अजून अब्बांच्या टेबलामागे आहे. चाची आता दर तीन महिन्यांनी शेडवर येतात. खुर्चीवर बसून बिलबुक मागतात आणि एकेका बिलावर बोट ठेवत ड्रम मोजतात. मोजून झाले की रजिस्टरमध्ये सही करतात. मामू त्यांच्यासाठी चहा मागवतात. मागच्या वेळी त्या एका बिलावर थांबल्या. वसमतच्या एका शेतकऱ्याने खास सांगून स्क्रूचे मशीन घेतले होते. "ये कायकू लिया?" त्यांनी विचारले. भावाने सांगितले, त्याच्याकडे दोन जातींची हळद आहे, एकीला दुसरी खूण लागते, दुसरीला चौथी. चाची थोडा वेळ त्या बिलाकडे बघत राहिल्या, मग पुढचे बिल उलटले.